पूररेषा आणि खरेदीखत

शेतात चुन्याच्या रेघा ओढल्या, चार कोपऱ्यांवर दगड रोवले आणि महामार्गाच्या कडेला फलक लावला की वसाहत जन्माला येते. पारोळ्यासारख्या धुळे-जळगाव मार्गावरील तालुक्याच्या गावाला हे दृश्य नवे नाही. त्या रेघा नाल्याच्या पात्रापर्यंत पोचल्या आहेत का, हे मात्र पावसाळ्याआधी कोणी विचारत नाही. 31 ऑगस्ट 2021 रोजी याच जिल्ह्यातील चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी तो प्रश्न स्वतःच विचारला. घरे, दुकाने, गुरेढोरे वाहून गेली. बोरीच्या खोऱ्यातील पारोळा तालुक्याने तो पूर परक्याचा मानण्याचे कारण नाही.

दोष केवळ प्लॉट पाडणाऱ्याचा नाही. कायद्याची रचनाच अशी आहे की, त्याचे एक अंग दुसऱ्याला ओळखत नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा क्षेत्र मोजतो. 2023 पासून बहुतेक ठिकाणी जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. जमीन उंचवट्यावर आहे की नदीच्या कुशीत, हा त्याचा विषयच नाही. दहा-बारा जणांनी मिळून प्रमाणभूत क्षेत्राएवढी जमीन सामाईक खरेदी करावी आणि नंतर जागेवर आपापले दगड रोवावेत, ही पळवाट खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे.

पूररेषेचे नियम मात्र बांधकामापुरते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे घर नाही; निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान जोते लाल रेषेहून 0.45 मीटर उंच हवे. पण जमीन विकण्यास त्यात मनाई नाही! म्हणजे ज्या जागेवर घर बांधता येणार नाही, तिचे खरेदीखत मुद्रांक शुल्क घेऊन शासनच नोंदवून देते.

दुय्यम निबंधकानेच अडवावे, असा सोपा उपाय सुचवला जातो. तोही 2021 मध्ये झाला. लहान तुकड्यांची दस्तनोंदणी परिपत्रकाने थांबवण्यात आली. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. मूळ अधिनियमात नसलेला अधिकार परिपत्रकातून निर्माण होत नाही, हा धडा कडू असला तरी बरोबर आहे. मालमत्तेवरील निर्बंध कायद्यानेच यावे लागतात, आणि राज्यघटनेच्या 300-अ अनुच्छेदाचा अर्थ तोच आहे.

मग तो कायदा का नाही? केंद्राने पूरक्षेत्र विभागणीचे नमुना विधेयक राज्यांना 1975 मध्ये पाठवले. मणिपूरने 1978 मध्ये, राजस्थानने 1990 मध्ये कायदा केला. पुरोगामित्वाचा एवढा गौरव मिरवणाऱ्या महाराष्ट्राने मात्र परिपत्रकांवर निभावले. गुंठेवारी नियमित करण्यासाठी 2001 मध्ये कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढली. मतपेढीला उपयुक्त असा कायदा लवकर होतो.

तोवर एक गोष्ट फार खर्चाची नाही. जेथे पूररेषा आखल्या आहेत तेथे प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात तिची नोंद घ्यावी, जेथे नाहीत तेथे नाल्यांसह त्या आखाव्यात. ज्याची जमीन निळ्या रेषेत अडकली, त्या शेतकऱ्याला ती कसता येईल. पण प्लॉटचा भाव मिळणार नाही, आणि त्या नुकसानीचा विचार नव्या कायद्यात करावा लागेल. हातमजुरीच्या कमाईतून गुंठा घेणाऱ्याला निदान पैसे मोजण्यापूर्वी पाण्याची रेषा दिसेल.