जकातनाक्यावरची पहाट

संस्कृतांत घट्टकुटीप्रभातन्याय म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. जकात चुकवावी म्हणून एक व्यापारी रात्रभर आडरस्त्यानें गाडी हांकीत राहिला. उजाडल्यावर पाहतो तों गाडी नेमकी जकातनाक्याच्या दारांत उभी! परवां पिंपळे गुरव येथें आमच्या शेजारच्या एका पेन्शनर गृहस्थांनीं जो प्रश्न घातला, त्यावरून आम्हांस या व्यापाऱ्याचें स्मरण झालें.

त्यांचे चिरंजीव दुबईस नोकरीला असतात. तेथें व्हॉट्सअॅपवर लिहितां येतें, पण बोलतां सहसा येत नाहीं. बोलण्यासाठीं सरकारमान्य अॅपच वापरावें लागतें. सबब चिरंजीवांनीं एक फुकटचें ‘व्हीपीएन’ घेतलें, आणि “बाबा, तुम्हीही घ्या, म्हणजे आपलें बोलणें कोणी ऐकणार नाहीं,” असें वडिलांस कळविलें. वडिलांचें पेन्शनचें खातें त्याच मोबाईलवर. “गुरुजी, घेऊं कां?” असें ते विचारूं लागले.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. आपण इंटरनेटवर जें धाडतों तें आपल्या इंटरनेट कंपनीच्या हातून जातें. हल्लीं बहुतेक संकेतस्थळें मजकूर गूढलिपींत पाठवितात. त्यामुळें कंपनीस पत्र वाचतां येत नाहीं, तरी पाकिटावरचा पत्ता बहुधा दिसतो. व्हीपीएन हें पाकीट दुसऱ्या पाकिटांत घालून आपल्या कचेरींत नेतें, तेथें वरचें पाकीट फोडतें, आणि आंतलें आपल्या नांवानें पुढें रवाना करितें. कंपनीस केवळ त्या कचेरीचा पत्ता दिसतो. कचेरी परदेशांत असल्यास एका देशांत बंद असलेलें स्थळही यायोगें उघडतां येतें. परंतु पाहणारा नाहींसा झाला काय? नाहीं, तो बदलला. जें इंटरनेट कंपनी पाहत होती, तें आतां व्हीपीएनवाला पाहतो. आणि व्हॉट्सअॅपवरील बोलणें मुळांतच दोन टोकांच्या दरम्यान गूढलिपींत असतें. तें कोणी ऐकूं नये एवढ्यासाठीं व्हीपीएनची गरजच नाहीं.

आतां हा नवा टपालवाला पगारावांचून कां राबतो, हा खरा प्रश्न. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील व अमेरिकेंतील संशोधकांनीं अँड्रॉइडवरचीं २८३ व्हीपीएन अॅपें तपासलीं. त्यांपैकीं १८ टक्के मजकूर गूढलिपींत घालतच नव्हतीं, ७५ टक्क्यांत तिऱ्हाइतासाठीं पाळत ठेवणारी योजना होती, आणि ३८ टक्क्यांत अपायकारक भाग असल्याचीं चिन्हें आढळलीं. फेसबुकनें चालविलेलें ‘ओनाव्हो’ हें फुकटचें व्हीपीएन लोक काय काय वापरतात याची माहिती मालकास पुरवी. २०१८ सालीं अॅपलच्या आक्षेपामुळें तें त्यांच्या दुकानांतून काढावें लागलें. सर्वांत भयंकर प्रकार मे २०२४ मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें उजेडांत आणला. ‘मास्कव्हीपीएन’, ‘ड्यूव्हीपीएन’ आदि फुकटच्या अॅपांतून जगभरच्या १ कोटी ९० लक्षांहून अधिक इंटरनेट-पत्त्यांचा ताबा घेऊन ते भामट्यांस भाड्यानें दिले जात होते. गुन्हा भामट्याचा आणि पत्ता बिचाऱ्या गृहस्थाचा!

सर्वच फुकट सेवा अशा असतात असें मात्र नाहीं. स्वित्झर्लंडांतील ‘प्रोटॉन’ पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या वर्गणीवर मर्यादित फुकट सेवा चालवितें. ‘टॉर’चें जाळें स्वयंसेवकांच्या यंत्रांवर चालतें. दोहोंचा खर्च कोण सोसतो हें उघड आहे. तसेंच हिंजवडीच्या कंपनींतील आपली सून घरून काम करितांना जें व्हीपीएन लाविते, तें वेगळें. तो स्वतःच्या कचेरीचा मागचा दरवाजा.

कोणी म्हणेल, सज्जनास लपविण्यासारखें काय आहे? आम्हांस हें मान्य नाहीं. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडास कुलूप लाविलें, तें रिपन यांच्या अमदानींत १८८२ सालीं निघालें. ज्या समाजानें तें भोगलें त्यास मुस्कटदाबीचें कौतुक नसावें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हक्क आहे, म्हणूनच तो अनोळख्याच्या हातीं देऊं नये.

कायद्याचें म्हणाल तर आपल्याकडे व्हीपीएन वापरणें हा सर्वसाधारणपणें गुन्हा नाहीं. जम्मू-काश्मीरांतील कांहीं जिल्ह्यांत मात्र मनाईचे हुकूम निघालेले आहेत. २८ एप्रिल २०२२ रोजीं ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनें व्हीपीएन कंपन्यांनीं ग्राहकांचीं नांवें व पत्ते पांच वर्षें जपून ठेवावे असा निर्देश काढिला. तेव्हां कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपलीं यंत्रें भारतांतून हलविलीं. दुबईची गोष्ट निराळी. तेथील २०२१ सालच्या कायद्यानें, गुन्हा करण्यासाठीं वा दडविण्यासाठीं दुसऱ्याचा इंटरनेट-पत्ता पुढें करणारास कैद अथवा पांच ते वीस लक्ष दिऱ्हम दंड, किंवा दोन्हीही, सांगितलीं आहेत. नुसतें व्हीपीएन बाळगणें गुन्हा नसलें, तरी बंद असलेली सोय त्यानें उघडणें या कलमाच्या तावडींत सांपडूं शकतें. रोज दहा मिनिटें आईचें मुख पाहण्यासाठीं एवढी जोखीम!

आम्हीं गृहस्थांस इतकेंच सांगितलें: चिरंजीवांस तेथील मान्य अॅपावरून बोलावयास सांगा, आपल्या मोबाईलवर कांहीं घेऊं नका, आणि पेन्शनचें खातें अनोळखी व्हीपीएनमधून कधींही उघडूं नका. स्टेशनावरच्या किंवा हॉटेलांतल्या उघड्या वायफायवर खरोखरच गरज पडली, तर ज्याचा खर्च कोण भागवितो हें समजतें अशीच सेवा निवडा. त्यांनीं त्याच सायंकाळीं मुलास तसें कळविलें. चिरंजीव प्रथम रुसले, दुसऱ्या दिवशीं मान्य अॅपावरून त्यांचा फोन आला, आणि माउलीनें नेहमींप्रमाणें “जेवलास कां?” असें विचारलें.

वाचकहो, घरांत कोणी फुकटचें अॅप आणिलें तर रागावूं नका. हा आपणांसाठीं फुकट कां राबतो, एवढें मात्र त्यास विचारा. उत्तर न मिळालें, तर जकातनाका जवळच आहे असें समजावें.