छेत्रीचा वर्तमानकाळ
कणकुंबीत घरी मराठी, सरकारदरबारी कन्नड आणि चोर्ल्याचा घाट उतरला की कोंकणी. त्यात इंग्रजीचे चार वर्तमानकाळ आले की पोरं सूत्रं घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. त्यापेक्षा फुटबॉलपटू सुनील छेत्रीला फळ्यावर आणावं. ‘ही प्लेज फॉर बेंगळुरू’ हा झाला साधा काळ, नेहमीचा शिरस्ता सांगणारा. पेनल्टी घ्यायला आत्ता धावतोय, तर ‘ही इज रनिंग’. इथवर सोपं. घोडं अडतं ते ‘हॅज’पाशी. ‘ही हॅज स्कोअर्ड अगेन्स्ट मालदीव्ज’ चालतं. पण त्याला १९ मार्च २०२५ ही तारीख जोडली की बिघडलं, मग नुसतं ‘स्कोअर्ड’च हवं. ‘सिन्स’शिवाय तारीख आली की ‘हॅज’ बाद, एवढं कळलं तरी अर्धा गड सर. बरं, ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून छेत्रीनं भारताच्या संघातून निवृत्ती घेतली, तेव्हा ‘ही हॅज रिटायर्ड’ हे वाक्य बिनचूक होतं. पुढच्या मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल ठोकून त्यानं व्याकरणालाच चकवलं. (बचावपटूंना तो चकवायचाच.) चौथा काळ, ‘हॅज बीन प्लेइंग सिन्स २०१३’, त्याच्या क्लबासाठी राखून ठेवावा. तोही जड गेला, तर मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीत राहणाऱ्या पोराला पावसाचं वाक्य द्यावं: ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स जून.’ ऑगस्टात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.