वाजव म्हणणारा कोण?

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय जॅझवर आहे. ‘गोदीत ओझी वाहणाऱ्याला जॅझ कशाला पाहिजे?’ असं आपल्यातलेच चौघं विचारतील. म्हणून आधीच सांगतो, हा विषय मलबार हिलचा नाही. हे संगीत घडवणारी माणसं आपल्यासारखीच ओझ्याखालची होती. आणि त्यांनी सोडवलेला एक प्रश्न आपल्या वस्तीत अजून तसाच पडून आहे.

गेल्या हिवाळ्यात मुंबईत एका बंद गिरणीच्या आवारात चौघांचा कार्यक्रम ऐकला. सॅक्सोफोन, ड्रम, बास आणि शब्दांशिवाय नुसत्या आवाजानं गाणारी एक पोरगी. समोर कागद नाही, ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही. एकानं सुरू केलं, दुसऱ्यानं त्याला अडवलं, तिसरा गप्प राहिला आणि एकदम घुसला. पहिली दहा मिनिटं वाटलं, तिकिटाचे पैसे बुडाले. मग हळूहळू कळायला लागलं. गोदीत जड पेटी हलवताना एक जण हाळी देतो, बाकीचे झेलतात. जोर कधी लावायचा हे कुठं लिहिलेलं नसतं, शेजाऱ्याच्या श्वासावरून कळतं. चुकलं तर बोट जातं. हे चौघं एकमेकांना तसं ऐकत होते. मुक्त वादन म्हणजे वाट्टेल ते बडवणं नव्हे. ऐकणं सुटलं की ते तिथंच कोसळतं.

आणि ते ऐकताना मला आठवत होती तेरखेड्याची हलगी.

तेरखेडा माझं गाव. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे रस्त्यावर. फटाक्यांचं गाव म्हणून लोक ओळखतात. दुसऱ्याच्या वरातीचा, दुसऱ्याच्या निवडणुकीचा आवाज आमच्या गावात तयार होतो. दारू भरणारे हात कुणाचे, हे बार उडवणारा विचारत नाही. हलगीचंही तेच. पालखीपुढं हलगी, वरातीपुढं हलगी, मढ्यापुढं हलगी. वाजवणारा सगळ्यांच्या पुढं चालतो आणि देवळाच्या पायरीशी थांबतो. कधी वाजवायचं, काय वाजवायचं, कधी बंद करायचं, ते गाव ठरवणार. ‘वाजव रे!’ एवढीच त्याची ओळख.

आता अमेरिकेकडं बघा. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत ते निघाले होते. बंड चिरडलं गेलं आणि १७४० च्या कायद्यानं गुलामांच्या हातातले ढोल, शिंगं काढून घेतली. ढोल माणसं गोळा करतो, हे मालकाला पुरतं कळलं होतं. आपल्या मालकांनी उलटी युक्ती केली. ढोल काढून घेतला नाही, जन्मभरासाठी गळ्यात अडकवला. तिथं ढोलाची बंदी, इथं ढोलाची सक्ती. दोन्हीकडं आवाज मालकाचाच.

त्यांनी तो आवाज परत कसा मिळवला? हार्लेमच्या कॉटन क्लबात काळे वाजवत होते आणि गोरे टेबलाशी बसून ऐकत होते. काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत जागा नव्हती. १९६० साली न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवाला चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी पाठ दाखवली आणि त्याच गावात स्वतःचा महोत्सव भरवला. त्याच वर्षी डिसेंबरात ऑर्नेट कोलमननं आठ वादक दोन बाजूंना उभे केले आणि जवळजवळ सदतीस मिनिटं एकच सलग वादन मुद्रित केलं. नाव ठेवलं ‘फ्री जॅझ’. या कोलमननं पूर्वी लॉस एंजेलिसात लिफ्ट चालवून पोट भरलं होतं. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बनं चार काळ्या मुली मारल्या, तेव्हा जॉन कोल्ट्रेननं ‘अलाबामा’ वाजवलं. त्यात एक शब्द नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम शिकागोत झालं, १९६५ साली. मुहाल रिचर्ड अब्राम्स आणि त्यांच्या साथीदारांनी वादकांची स्वतःची संघटना काढली. कार्यक्रम स्वतः लावायचे, संगीत स्वतःचं वाजवायचं, वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवायचं. त्यातूनच आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो आलं. त्यांनी ‘जॅझ’ हे नावच बाजूला सारलं आणि ‘थोर काळं संगीत’ म्हणून छाती पुढं केली. बघा, पुढच्याच वर्षी, १९६६ ला, ओकलंडात ब्लॅक पँथर उभी राहिली, आणि १९७२ ला तिचं नाव घेऊन मुंबईत आपली. त्यांच्याकडून आपण नाव घेतलं, मूठ घेतली. त्यांचा ढोल मात्र घेतला नाही.

मुंबईला जॅझ नवा नव्हता. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजत होता. नंतर गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाची गाणी भरून काढली. पडद्यावर संगीतकाराचं नाव ठळक आणि वाजवणाऱ्यांचं बहुतेकदा गायब. १९७८ ला धोबी तलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्स आला. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. रंगभवनातल्या खुर्च्यांना मी दोष देत नाही. एवढंच विचारतो, दुःख समुद्र ओलांडून आलं तरच त्याचं संगीत होतं का?

परवा गावी गेलो होतो. मातंग वस्तीतले एक तात्या संध्याकाळपासून एका मिरवणुकीपुढं वाजवत होते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना उद्याही गावातच राहायचंय. नातवाच्या वयाची पोरं ‘वाजव रे’ म्हणत होती. शेवटी निम्मे पैसे हातावर टेकवले, निम्म्यासाठी ‘उद्या ये’. रात्री वस्तीत आल्यावर तात्यांनी पालापाचोळा पेटवून हलगी शेकली आणि वाजवायला बसले. एक पोरगं पत्र्याचा डबा घेऊन शेजारी आलं. वरातीचा ठेका नाही, पालखीचा नाही. हलगी काही विचारायची, डबा उलट उत्तर द्यायचा, मग दोघं गप्प, मग पुन्हा कडाड. त्यांना वाटलं तिथं ते थांबले. मी म्हटलं, ‘तात्या, हे काय वाजवलंत?’ ते म्हणाले, ‘आज कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून वाजवलं.’

दोस्तांनो, शिकागोच्या माणसांचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. १९५६ ला आपण बौद्ध झालो, गावकीची कामं नाकारली, डफडं फेकलं. बरोबरच केलं. ते डफडं नव्हतं, बेडी होती. पण शेजारच्या वस्तीत ज्यांच्या हातात ते राहिलं, त्यांच्याकडं आपण गावाच्याच नजरेनं बघायला लागलो. हे बरोबर केलं नाही. बेडी तोडायची होती, भाऊ तोडायचा नव्हता. आणि जयंतीला आपण काय करतो? हजारो रुपये मोजून डीजे आणतो, भिंती हादरवतो, आणि बटण दाबणारा जे लावील त्यावर नाचतो. तात्या रस्त्याकडेला उभे राहून बघतात.

तामिळनाडूत मढ्यापुढचं म्हणून हिणवलेलं पराई वाद्य पोरांनी मंचावर आणलं. २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकारानं चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं राहिलं. आपल्याला कुणी अडवलंय?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. येत्या १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला तेरखेड्यात एक तास हलगीचा. वाजवणारे मंचावर, खुर्चीवर. पैसे आधी, मोजून, हातात. प्रत्येकाचं पूर्ण नाव माईकवरून. फर्माईश बंद. काय वाजवायचं, कधी थांबायचं, ते तेच ठरवतील. आपण फक्त ऐकायचं. पहिली दहा मिनिटं कळणार नाही. बसून राहायचं.

वाजव म्हणणारा गेला की जे वाजतं, ते ऐकायची तयारी करा.

जय भीम.