गवताचंही शिक्षण घ्या

पालीत बल्लाळेश्वराच्या देवळाबाहेर दुर्वांच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांचे हात एकदा नीट बघा. कोवळा शेंडा तेवढा खुडलेला असतो, मूळ जमिनीतच राहतं. थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा शेंडे फुटतात. हे गवत जमिनीलगत धावतं, पेरापेराला मूळ धरतं आणि वरून खुडलं की आडवं पसरतं. शेतात हेच गवत हरळी म्हणून आपण खणून काढतो. क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर, उष्ण हवामानाच्या देशांत, सगळ्यात जास्त भरवसा याच कुळावर आहे. अमेरिकेत टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन यांनी संकर करून काढलेली ‘टिफवे ४१९’ ही जात १९६० साली आली, ती अजून जगभर लावली जाते. तीही हरळीच्याच कुळातली.

सुधागड तालुक्यातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं सरळ आहे. हिरवळ राखणं हा शिकून करायचा धंदा आहे. करिअर निवडताना त्याचाही विचार करा.

खोपोली-पाली रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिले. आपली पोरं तिथे कामाला जातात. मशीन फिरवायची, पाइप धरायचा, रोज घ्यायचा. गवत पिवळं पडलं की मालक मुंबई-पुण्याहून माणूस बोलावतो. तो तासभर बघतो, चार गोष्टी सांगतो आणि आपल्या पोराच्या महिन्याभराच्या मजुरीच्या तोडीचे पैसे घेऊन जातो. तो माणूस आपल्यातला का नसावा?

कारण गवत पिवळं का पडलं, याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याच शेतात असतं. इथली कितीतरी फार्महाऊस भाताच्या खाचरांवर उभी आहेत. खाचरात पाणी थांबावं म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केली. त्याने वरचा चिखल मऊ होतो आणि खाली वीतभर खोलीवर घट्ट थर बसतो. भाताला तो हवाच असतो. पण हिरवळीच्या मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते. खाचरावर चार इंच लाल माती टाकून वर गवताचे गालिचे अंथरले, तर जूनमध्ये सगळं हिरवंगार दिसतं. ऑगस्टपर्यंत खालचं पाणी हटत नाही, मुळं कुजतात, शेवाळ धरतं. मालक म्हणतो, खत कमी पडलं. माळी आणखी युरिया टाकतो. कोवळं लुसलुशीत पातं वाढतं आणि त्यावर बुरशी आयतीच बसते. इथे औषध मारून काही होत नाही, चर खणून पाण्याला वाट द्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. इथे पाण्याचा निचरा करायला जो शिकला, त्याला महाराष्ट्रातलं कुठलंही मैदान अवघड जाऊ नये.

गोल्फच्या हिरवळीसाठी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तळाला १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूचा थर. बारीक वाळू खालच्या जाड खडीला लगेच पाणी सोडत नाही. ती आधी स्वतः ओली राहते, भरून गेली की मगच जास्तीचं पाणी खाली जातं. म्हणून उन्हाळ्यात मूळ सुकत नाही आणि पावसात बुडत नाही. हे पाठ करून भागत नाही, त्यामागचं मातीचं शास्त्र समजावं लागतं.

तसंच कापणीचं. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. गोल्फच्या हिरवळीवर पातं तीन-चार मिलिमीटरवर राखतात, त्यासाठी मशीनचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार लागतं. लव्हाळा नुसता उपटला तर जमिनीतल्या गाठींतून पुन्हा उगवतो. हुमणी मुळं खाते, लष्करी अळी रातोरात पातं खाते. दोन्हींत गवत सुकलेलंच दिसतं, पण उपाय वेगळे. आंब्याखाली हरळी टिकत नाही, कारण तिला ऊन हवं. अलिबाग-मुरूडकडे विहिरीचं पाणी खारं झालं असेल, तर खाऱ्या पाण्यात तग धरणारं पास्पालम लावावं लागतं.

काम कुठे आहे? आपल्याच जिल्ह्यात सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ मैदान आहे. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, नेरूळला डी. वाय. पाटील, मुंबईत वानखेडे आणि ब्रेबॉर्न, पुण्याजवळ गहुंजे, शिवाय महालक्ष्मी आणि पुण्याची घोड्यांच्या शर्यतींची मैदानं. भारताकडून तीन कसोटी खेळलेले सुधीर नाईक पुढे वानखेडेचे क्युरेटर झाले. २ एप्रिल २०११च्या विश्वचषक अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. हे काम केवढ्या मानाचं आहे, ते यावरून कळावं. मात्र हेही सांगायला हवं की अशी मोठी मैदानं मोजकी आहेत. शाळा-कॉलेजची मैदानं, गृहसंकुलं, कारखान्यांचे परिसर, रिसॉर्ट यांचं काम त्याहून कितीतरी जास्त आहे. तेव्हा फक्त गोल्फ डोळ्यांसमोर ठेवू नका.

महाराष्ट्रात गवताची वेगळी पदवी शोधत बसू नका. बारावी विज्ञान करा, सीईटी द्या आणि कृषी किंवा उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीला जा. १९७२ साली स्थापन झालेलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आपल्याला जवळचं. तिथलं हवामान आपलं, माती आपल्यासारखी. अभ्यासक्रमात हिरवळीला थोडीच पानं मिळतील, पण मृदशास्त्र, सिंचन, कीड आणि रोग हे विषय मन लावून शिका, सगळा धंदा त्यांच्यावर उभा आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना सातबाऱ्यावर प्रवेशात सवलत मिळू शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून कागद आधीच काढून ठेवा. दहावीनंतर लगेच कमवायचं असेल, तर कृषी पदविका आहे, माळी प्रशिक्षणाचे वर्ग आहेत. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं फुलशेती संशोधनाचं संचालनालय आहे, तिथे हिरवळीच्या गवतांवरही काम चालतं. पदवीच्या काळात एकदा तरी जाऊन या.

सुट्टीत एखाद्या मैदानावर काम करा, पगार कमी मिळाला तरी चालेल. पहाटे दव असताना हिरवळीवरून फिरणं आणि रोग पहिल्या दिवशी ओळखणं वर्गात येत नाही.

परदेशाची भूल मात्र सांभाळा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गोल्फ मैदानांच्या गवताचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम १९५७ पासून चालू आहे, आणि आता तिथलं शिक्षण घरबसल्या इंटरनेटवरूनही घेता येतं. ते जरूर घ्या, पण इथे तीन-चार वर्षं काम करून, स्वतःच्या कमाईतून. त्यासाठी जमीन विकू नका. चार दिवसांत प्रमाणपत्र आणि दुबईची नोकरी देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणखी एक गोष्ट मला मनापासून वाटते. एप्रिल-मेमध्ये आपल्या काही वाड्यांवर बायका हंडे घेऊन चालतात. त्याच वेळी शेजारच्या लॉनवर दुपारी बारा वाजता फवारे उडत असतील, तर तो अडाणीपणा आहे. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मरत नाही, पहिल्या सरींनी पुन्हा हिरवी होते. शिकलेला माणूस मालकाला हे ठामपणे सांगू शकतो. सांडपाणी शुद्ध करून वापरायला लावू शकतो. लॉन करूच नये अशी जागा असेल, तर तेही सांगू शकतो. पाण्याचा हिशेब ठेवणारी माणसं या धंद्यात आपल्या तालुक्यातून जावीत, अशी माझी इच्छा आहे.

आईवडिलांनो, मुलाने किंवा मुलीने हे शिकायचं म्हटलं तर ‘गवत कापायला कॉलेज कशाला’ असं म्हणू नका. मुलीला तर मुळीच अडवू नका. या कामात मुख्यतः निरीक्षण आणि नोंद लागते, नुसत्या अंगमेहनतीचं हे काम नाही.

आणि मुलांनो, प्रवेशाची वाट बघत थांबू नका. या जूनमध्ये घराच्या परसात दहा बाय दहा फुटांची जागा घ्या. अर्धी तशीच ठेवा, अर्ध्या जागेला उतार आणि चर काढून द्या. दोन्हीकडे बांधावरची हरळी लावा. किती पाऊस पडला, कधी कापलं, कुठे पिवळं पडलं, ते वहीत लिहा. पुढे मुलाखतीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.