निकाल मर्यादेबाहेर गेला तर?

‘चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर आला, तर काय कराल?’ औषध कंपनीत शास्त्रज्ञपदासाठी मुलाखत दिलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. ‘पुन्हा चाचणी घेईन’ हे घाईचं उत्तर. आधी वरिष्ठांना कळवायचं, नमुना जपून ठेवायचा, दोष यंत्राचा, हाताचा की औषधाचाच हे शोधायचं आणि सगळं नोंदवायचं. हे पाठांतराने येत नाही. त्यासाठी एचपीएलसीसारख्या विश्लेषण यंत्रावर हात बसावा लागतो.

गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत २०११ मध्ये सुरू झालं. चंद्रपूर-गडचिरोलीतली मुलं एमएस्सी, एम. फार्म. करून अशा मुलाखतींसाठी हैदराबाद, पुणे गाठू लागली आहेत. इंग्रजीत अडखळणाऱ्याचं रसायनशास्त्र कच्चं असतंच असं नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. आणि महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतली यंत्रं मुलांच्या हाती द्यावीत.

या मातीत अस्सल विज्ञान झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं गडचिरोलीच्या खेड्यांतलं नवजात बालकांवरचं संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. त्यामागे गावातल्याच प्रशिक्षित बायकांची घरोघरची सेवा होती.

या अंकात मुलाखतींचे अनुभव दिले आहेत. पहिल्यांदा मुलाखतीला निघालेल्या तुमच्या धाकट्या भावंडांना ते जरूर वाचायला द्या.

— संपादक