स्वल्पविरामांची ओपीडी

शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच धाकट्या बहिणीचा फोन. ती डॉक्टर, एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते.

"दादा, तुझं कॉम्प्युटरचंच काम आहे ना? मग एवढं करून दे. पेपर परत आलाय."

मला वाटलं नाकारला. तर तसंही नाही! विंचूदंशावरचा तिचा पेपर अजून कोणी वाचलाच नव्हता. जर्नलच्या कार्यालयाने तो दारातूनच परत पाठवला. कारण काय, तर संदर्भ आमच्या पद्धतीने लिहिलेले नाहीत. आधीच्या जर्नलला पानांचे आकडे पूर्ण हवे होते, ५१०-५११. यांना ५१०-१ हवेत. तिकडे सहापेक्षा जास्त लेखक असले की पहिले तिघे आणि पुढे 'एट अल', इकडे पहिले सहा. तिकडे मजकुरातला क्रमांक ओळीच्या वर, पूर्णविरामानंतर. इकडे चौकोनी कंसात, पूर्णविरामाआधी. असे ४१ संदर्भ, आणि सगळे हाताने टाइप केलेले, कारण विभागातल्या प्रत्येकाने आपापला तुकडा वर्डमध्ये लिहून मेलवर पाठवलेला.

"अगं, झोटेरो का नाही वापरत तुम्ही?"

"ओपीडी संपवून घरी यायला चार वाजतात, दादा."

यावर काय बोलणार? बसलो.

आता यातली गंमत ऐका. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक जमले आणि हस्तलिखितं कशी असावीत याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. १९७९ मध्ये ते छापून आले. दिवस टाइपरायटरचे. एका जर्नलने नाही म्हटलं की दुसऱ्यासाठी सगळी सूची पुन्हा बडवायची, तो त्रास वाचावा म्हणून हा खटाटोप. त्यातूनच आजची 'व्हँकुव्हर पद्धत' आली. आणि पुढे प्रत्येक जर्नलने तिची आपली बोली काढली! झोटेरो ज्या भांडारातून संदर्भशैली उचलतं तिथे आज १० हजारांहून जास्त फाइली आहेत. बऱ्याचशा एकमेकींच्या नकला आहेत हे कबूल, पण तरीही.

आमच्या धंद्यात हे कोणी खपवून घेणार नाही. डेटा वेगळा, त्याची सजावट वेगळी, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. बिबटेक्स १९८५ सालचं आहे, तेही नेमकं हेच करतं. बहुतेक संदर्भांना आज डीओआय असतो, नाहीतर पबमेडचा क्रमांक. त्या एका आकड्यावरून लेखक, वर्ष, पानं सगळं मशीनला आणता येतं आणि हव्या त्या रूपात छापता येतं. (जुनी पुस्तकं, स्थानिक नियतकालिकं यांचं हाताने लिहावं लागेल, मान्य. तिच्या ४१ पैकी असे तीन निघाले.) मग हे काम एमडी झालेल्या बाईने ओपीडीनंतर का करायचं?

२०१९ साली 'प्लॉस वन'मध्ये या प्रकाराचा हिशेबच मांडलेला आहे. ३७२ संशोधकांना विचारून त्यांनी काढलं की हस्तलिखिताच्या मांडणीपायी माणशी वर्षाला ५२ तास जातात. म्हणजे वर्षातून एक अख्खा कामाचा आठवडा आणि वर थोडं!

यावर ज्येष्ठ मंडळींचं उत्तर ठरलेलं: "ही शिस्त आहे. जो स्वल्पविराम सांभाळतो तो आकडेही सांभाळतो." मला हे अजिबात पटत नाही.

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांना अफूजन्य वेदनाशामकं दिली तर व्यसन क्वचितच लागतं, एवढंच त्यात होतं. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये कोणीतरी मोजदाद केली, तर ६०८ लेखांनी ते उद्धृत केलेलं. त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लेखांनी ते रुग्ण इस्पितळातले होते हे सांगितलंच नव्हतं. घरी गोळ्या लिहून देणं सुरक्षित आहे असं ठसवायला या पत्राचा वापर झाला, आणि अमेरिकेत पुढे काय झालं ते आपण जाणतोच. त्या ६०८ सूच्यांमध्ये खंड, पान, वर्ष बहुधा बिनचूकच असेल हो! पत्र किती जणांनी उघडून वाचलं?

दुसरा किस्सा. एल्सव्हिएरच्या लेखक-सूचनांमध्ये नमुन्यादाखल एक संदर्भ दिलेला असे, व्हॅन डर गीर वगैरे, साल २०००. असा लेख अस्तित्वातच नाही. तरी तो जवळजवळ ४०० वेळा उद्धृत झाल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. साच्यातला नमुना पुसायचा राहिला, दुसरं काय! आणि आता तर चॅटजीपीटी आहे. २०२३ मध्ये 'क्युरिअस'मध्ये आलेल्या अभ्यासात त्याने दिलेल्या ११५ वैद्यकीय संदर्भांपैकी ४७ टक्के पूर्ण बनावट निघाले. स्वल्पविराम मात्र जागच्या जागी! तेव्हा नीटनेटकेपणावरून प्रामाणिकपणा ओळखायचे दिवस गेले.

असो. तर मी संदर्भ एकेक करून झोटेरोत भरत होतो. २३ वा संदर्भ महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा, 'बीएमजे' २०११. मला विंचवातलं ओ की ठो कळत नाही, पण नाव ओळखीचं म्हणून उघडून वाचला. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले किती, हा मुख्य प्रश्न. दोन्ही औषधं मिळालेले ९१.४ टक्के, नुसतं प्राझोसिन मिळालेले २२.९ टक्के. झकास काम. पण बहिणीच्या पेपरात लिहिलं होतं, "प्रतिविषामुळे मृत्यूचं प्रमाण घटतं," आणि पुढे २३.

फोन केला. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "ते वाक्य माझं नाही, पण मी तपासायला हवं होतं. काल रात्री दीड वाजेपर्यंत मी ते 'एट अल'च मोजत होते रे."

जर्नलने पहिल्या फेरीत काहीही वाचता येईल असं स्वीकारावं, फक्त डीओआय मागावा. हे अशक्य नाही. 'फ्री रॅडिकल बायॉलॉजी अँड मेडिसिन'ने २०११ सालीच सुरू केलं, पुढे आणखी बऱ्याच जर्नलांनी केलं. सजावट पेपर स्वीकारल्यावर, त्यांच्या मशीनने, त्यांच्या खर्चाने. लेखकाकडून मागायचंच असेल तर प्रत्येक संदर्भासमोर मूळ लेखातलं ते एक वाक्य मागा ज्याच्या जोरावर तुम्ही विधान करताय. त्यात वेळ जाईल, खूप जाईल. जाऊ दे की!

बहिणीने वाक्य दुरुस्त केलं, रविवारी रात्री पेपर पुन्हा गेला. मंगळवारी कार्यालयाचं पत्र आलं. त्या दुरुस्त वाक्याबद्दल अक्षर नाही. संदर्भ क्रमांक २३ मध्ये पान क्रमांक नाहीत, कृपया भरावेत. 'बीएमजे'ने त्या लेखाला पान क्रमांक दिलेलेच नाहीत, सी७१३६ असा लेख क्रमांक आहे, हे आता त्यांना समजावून सांगणारी मेल मीच लिहितोय.