किटलीचा लाल दिवा केव्हा लागतो?

बालमित्रांनो, मोटारीत ड्रायव्हरकाकांच्या समोर बारीक बारीक चित्रांचे दिवे असतात. त्यांतलं एक चित्र थेट किटलीसारखं दिसतं. तिच्या नळीतून एक थेंब गळत असतो. किल्ली फिरवली की हा दिवा लाल होतो आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. पण ही चहाची किटली नव्हे हं! ते आहे तेलाचं भांडं. इंजिनातल्या ऑइलचा दाब कमी झाला, की हा दिवा लागतो.

इंजिनातले धातूचे भाग मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात. ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर लागतो. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडं असतं, मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. त्यातलं ऑइल पंप नळीने ओढून घेतो आणि दाबाने सगळीकडे पोचवतो. हा दाब गेला, की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. मग अख्खं इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसतं!

आता एक कोडं. एका स्पोर्ट्स कारमध्ये हा दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. गॅरेजमध्ये नेली, की गाडी अगदी शहाण्या बाळासारखी वागते. मग दोष शोधायचा कसा?

आमच्या वर्गात कुणी म्हणालं, "बाई, पोटात दुखतंय," तर मी आधी विचारते, "केव्हापासून? खाल्ल्यावर, की गणिताच्या तासाला?" गाडीलाही हेच विचारायचं. 'का' नंतर, आधी 'केव्हा'!

दिवा वळणावर लागतो का? एस.टी. उजवीकडे वळली, की उभे असलेले आपण डावीकडे झुकतो. चेंबरमधलं ऑइलही तसंच एका बाजूला धावतं. आपल्या माजिवड्याच्या पुलासारख्या लांब वळणावर गाडी जोरात हाकली आणि ऑइल कमी असलं, तर नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. करून बघा : पसरट डब्यात थोडं पाणी घ्या, एका कोपऱ्यात स्ट्रॉ धरून प्या आणि डबा दुसऱ्या बाजूला कलता करा. 'घुर्रर्र' असा आवाज येईल!

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त घडतं, कारण ती बसकी असते आणि वळणंही वेगात घेते. अशा गाड्या आपल्याकडेही बनल्या आहेत. गोव्यात १९९८ मध्ये 'सॅन स्टॉर्म' आली, पुढे अलिबागजवळ 'चिंकारा रोडस्टर' तयार झाली. बसक्या गाडीचं चेंबर जमिनीजवळ असतं. गतिरोधकावर ते आपटून आत चेपलं, तर नळीचं तोंडही दाबलं जातं. म्हणून चेंबर खालून वाकून पाहायचं.

दिवा सिग्नलला, इंजिन तापल्यावर लागतो का? गरम तूप कसं पातळ होतं! तसंच ऑइलही पातळ होतं. शिवाय उभ्या गाडीत पंप हळू फिरतो. जुनं झालेलं ऑइल, चुकीचं पातळ ऑइल किंवा झिजलेलं बेअरिंग अशा वेळी उघडं पडतं.

दिवा खड्ड्यात किंवा पावसात लागतो का? मग वायरवर संशय घ्यायचा. इंजिनावर बसवलेल्या छोट्या स्विचमध्ये पडदा असतो. ऑइलचा दाब त्याला ढकलतो आणि दिवा विझतो. स्विचची वायर सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर दाब ठीक असूनही दिवा लागतो!

चांगला मेकॅनिक स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात करतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, काही मिनिटांनी ऑइलची पट्टी काढायची. ती पुसून पुन्हा घालायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मग वायर बघायची. त्यानंतर स्विच काढून त्या जागी काट्याचं दाबमापक लावायचं. काटा नीट दाब दाखवत असेल, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. स्विच काही फार महाग नसतो. काटाही पडला, तर मात्र चेंबर, जाळी आणि पंप उघडून पाहायचा.

आई-बाबांनो, काही जण कंटाळून दिव्यावर चिकटपट्टी लावतात. असं कधीही करू नका. दिवा खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खराच मानायचा. चालत्या गाडीत लागला, तर सावकाश डावीकडे घ्या, थांबा आणि इंजिन बंद करा. 'गॅरेजपर्यंत तर जाऊ' हा विचार महागात पडतो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी किटली लाल होते का, ते बघा. झाली तर छान. साध्या रचनेच्या गाडीत ती लागलीच नाही, तर बल्ब गेलाय किंवा वायर सुटलीय. असा मुका दिवा खरा दाब गेला तरी गप्पच राहील. तेव्हा लगेच मोठ्यांना सांगा!